शेरा

प्रेस्टनमध्ये घरं रिकामी होतात तेव्हा मी जाते.
गळ्यात ओळखपत्र, हातात टॅबलेट,
बुटांवर निळ्या प्लास्टिकच्या पिशव्या.
भाडेकरू गेलेला असतो,
त्याच्या फोडणीचा वास अजून गेलेला नसतो.
वासाला रकाना नाही.

रकाने आहेत ते असे:
भिंत, छत, जमीन, दार, खिडकी.
स्थिती: चांगली, बरी, वाईट. तिन्हीतली एकच.
आणि सगळ्यात शेवटी, कोपऱ्यात, शेरा.
एकशेवीस अक्षरं,
मधल्या मोकळ्या जागा धरून.

पहिल्या वर्षी मी लिहिलं होतं:
'जिन्याच्या कठड्याला एका हाताची झिलई.'
गॅरेथनं परत पाठवलं, लाल रंगात:
मत नको.
म्हटलं, मत कुठलं रे, झिलईच आहे, बोट फिरवून बघ.
भला माणूस. म्हणाला, हेम,
घरमालक वाचत नाहीत, डिपॉझिटमधली वजावट बघतात.
(हेमलता म्हणायला त्याला चार अक्षरं जास्त होतात.
त्याचीही कुठेतरी मर्यादा असणारच.)

अण्णा बार्शीच्या कचेरीबाहेर
बाकड्यावर बसून खरेदीखतं लिहायचे.
'कारणे खरेदीखत लिहून देतो ऐसाजे',
इथून सुरुवात, आणि तसूभर हलायची सोय नाही.
पण चतुःसीमेशी आलं की पेन रेंगाळायचं.
पूर्वेस ओढा. पश्चिमेस वहिवाटीची वाट.
दक्षिणेस भावकीचा बांध.
उत्तरेस बाभळ, तिच्यावर सुगरणीची चार घरटी.

साहेबांनी घरटी खोडली.
पुढच्या वेळी अण्णांनी लिहिलं:
उत्तरेस बाभळ, वय अदमासे चाळीस,
फांद्या सात, पैकी चौथीवर भार.
ते राहिलं.
भार कसला, कुणी विचारलं नाही.

हे सगळं मला
प्लंगिंग्टनमधल्या एका घरात आठवलं.
मिसेस एकर्सली तिथे एकेचाळीस वर्षं होत्या,
आता भाचीनं त्यांना केअर होममध्ये नेलंय.
पडदे नेलेत, पडद्यांच्या कड्या राहिल्यात.
स्वयंपाकघराच्या चौकटीवर
पेन्सिलच्या खुणा,
आडव्या, एकावर एक.

अशा वेळी टॅबलेट आपणहून वाक्य सुचवतो:
पेन्सिलच्या खुणा. पुसून घेणे.
बोट त्याच्यावर ठेवलं की झालं.
मी टेप काढली,
खिडक्या मोजायची, पिवळी,
आणि गुडघ्यांवर बसले.

'खुणा सहा. जमिनीपासून सेंटिमीटर:
७४, ८३, ९१, ९८, १०३, १०३.
त्यावरचा भाग कोरा.'

मग 'कोरा' खोडलं.
गॅरेथला ते मत वाटलं असतं,
आणि खरं सांगायचं तर होतंच.
'त्यावर खूण नाही' एवढं ठेवलं.
अठरा अक्षरं उरली.
भरायला काहीही सापडलं असतं.
तशीच राहू दिली.

रकाना हिरवा झाला.

दोन दिवसांनी गॅरेथचा निरोप:
१०३ दोनदा आलंय. टायपिंगची चूक?
मी लिहिलं: नाही.
बराच वेळ ते तीन टिंब हलत राहिले,
थांबले, पुन्हा हलले.
मग आलं: बरं.

रंगाऱ्याच्या यादीत ती चौकट गेली की नाही,
मी विचारलं नाही.
माझं काम तिथे संपतं.

पुढचं घर अ‍ॅश्टनला, दोन खोल्या, एक मांजर होती म्हणे.
बस यायला नऊ मिनिटं.
पूर्वेस चिप्सचं दुकान.
पश्चिमेस बंद पडलेली बँक.
दक्षिणेस रिबल नदी, इथून दिसत नाही, वाऱ्याला कळते.
उत्तरेस एक बाई, उभी,
खिशात टेप, वय अदमासे छप्पन्न.
स्थिती: बरी.